सोजराबाईचा कोबीचा भात

बोईसरला कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर सोजराबाईची खाणावळ होती. मूळची ती बीडकडची. नवरा पुंजाराम रंगाच्या कारखान्यात, आणि तिच्याकडे तीसेक कामगार जेवायला. तिचा एकच हट्ट, ताटात काही टाकायचं नाही.

चंद्रभान नावाचा फिटर मात्र रोज भात आणि बटाटा टाकायचा. एकदा ती भरल्या पंगतीत कडाडली, "दुष्काळात आमी रेशनची मिलो ज्वारी खाल्लीय. तुला भात नको झालाय व्हय? उद्यापून दुसरीकडं जेव!"

चंद्रभान खाली मान घालून उठला, तो पुन्हा आलाच नाही.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात तिला चप्पल चावली आणि जखम भरेचना. डॉक्टर म्हणाले, "साखर आहे. भात-बटाटा बंद. भाकरी अर्धी."

आठवडाभर तिचं पोटच भरेना. दुसऱ्यांना वाढताना जीव नुसता भाताकडे ओढायचा. एका दुपारी तिने कोबी किसला, घट्ट पिळला, थेंबभर तेलावर झाकण ठेवून वाफवला आणि त्यावर बोंबलाचं कालवण ओतलं. पहिला घास गवतासारखा लागला. तरी ताट संपलं तेव्हा पोट भरलं होतं.

ताट घासता घासता तिचा हात थांबला. चंद्रभान भात टाकायचा, बटाटा टाकायचा. भाजी कधीच नाही!

दुसऱ्या दिवशी ती लंगडत चंद्रभानच्या कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिली.

"तुला साखर हाय का रं?"

तो दचकला. "हळू बोला मावशी. अजून नोकरीत कायम व्हायचोय. कळलं तर घरी बसवतील."

"मंग मला सांगायचं न्हाई?"

"एवढ्या माणसांत काय सांगणार?"

"चुकलं माझं," ती म्हणाली. "जेवाया ये."

तो चौथ्या दिवशी आला. कोबीचा भात, बटाट्याऐवजी दुधी, अर्धी भाकरी, कालवण. शेजारचा विचारू लागला तशी सोजराबाई म्हणाली, "माझ्या पथ्याचं हाय. त्याला आवडतं."

पुढे आणखी चार-पाच जण 'मावशीचं ताट' मागू लागले. का, ते तिने कुणालाच विचारलं नाही. दिवाळीपर्यंत तिची जखम भरली. साखर राहिली, गोळ्याही राहिल्या. दोन वर्षांनी चंद्रभान कायम झाला.

कोबी मात्र तिला कधीच आवडला नाही. पुंजाराम चिडवायचा, तेव्हा म्हणायची, "गोडीनं कोण खातंय? चालतं-फिरतं ऱ्हायचंय मला."