सुनंदाच्या कहाणीचा शेवट

ईशान, मीरा — हे मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. फोनवर तुम्ही विचारता, आजी, तू हल्ली त्या बायकांच्या मंडळात का जात नाहीस? मी गुडघ्यांचं कारण देते. गुडघे बरे आहेत.

चंदनसारला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर बुधवारी जमायचो. घरात मार खाल्लेल्या बायका. 'मला मारलं' म्हणायला त्या लाजायच्या, म्हणून मी त्यांना व्रताच्या कहाणीची वाट दाखवली — आटपाट नगर होतं, तिथे एक बाई होती. 'त्या नगरात टँकर येतो काय हो?' एकीने विचारलं. सगळ्या हसल्या, आणि हसता हसता बोलायला लागल्या.

सुनंदा गिरीजची, वाडीतली. नवऱ्याला सोडून आगाशीला भावाकडे राहायची. तिची कहाणी एकाच जागी थांबायची — बाईने मुलीला कडेवर घेतलं आणि केळीच्या बागेतून चालत निघाली. बस.

कहाणी अशी अर्धवट सोडतात का? माझी कपाटं तुम्ही पाहिली आहेत — एक घडी विस्कटलेली मला चालत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात बायका या कहाण्या सांगणार होत्या, आणि सगळ्यांच्या घरचे येणार होते. मी शेवट जोडला — नवरा पस्तावला, न्यायला आला, दोघं सुखाने नांदली. सुफळ संपूर्ण.

'पन काकू, असं झालंच नाय,' सुनंदा म्हणाली.

'अगं, कहाणीत होतं,' मी म्हटलं.

तिने तो शेवट पाठ करून कार्यक्रमात सांगितला. टाळ्या पडल्या. तिचा भाऊ पुढच्या रांगेत होता. त्याला वाटलं, हिला परत जायचंय, तोंडाने म्हणवत नाही. आठवड्याच्या आत त्याने तिला नवऱ्याकडे पोचवलं.

दिवाळीनंतर ती मला आगाशीच्या बाजारात दिसली. हाक मारली — वळली नाही. रागावली असेल, वाटलं. जवळ गेले, तेव्हा तिने मान फिरवली. 'या बाजूनं बोला, काकू. तो कान गेला.' आणि मग मला चांगली भाजी कुठे मिळेल ते सांगितलं.

पुढच्या बुधवारी मी मंडळात हे सांगितलं. एकीने विचारलं, 'तो शेवट तिला सुचवला कोणी?'

मी म्हटलं — तिचाच होता. तिच्या मनातच होतं जायचं.

सगळ्यांनी मान डोलावली. माझा शब्द कोण खोडणार?

त्यानंतर मी गेले नाही. बुधवारी हॉलमधलं हसू खिडकीतून वर येतं. मी खिडकी लावून घेते.

शेवट माझा होता. तिची बाई केळीतून चालत निघाली होती — तिला मागे मी फिरवलं.