आधी लागलेलं कुंकू

दुकानात गल्ल्याच्या वर पाटी होती, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ महाडच्या बाजारपेठेत तेव्हा ही पाटी नसलेलं दुकान शोधावं लागलं असतं. माझं माहेर महाडचं, त्यामुळे ती पाटी मी लहानपणापासून पाहत आले होते. पण परत करण्याजोगं आमच्या घरी कधी काही आणलेलंच नसायचं, म्हणून तिचा अर्थ लावायची वेळ आली नव्हती.

साठ सालच्या आसपास लग्न होऊन मी पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या अंगाला असलेल्या एका वाडीत आले. नवरा मुंबईला गिरणीत. माहेरी मी शिवणाचा वर्ग केला होता आणि वाडीत सुईत दोरा ओवण्यापलीकडे कोणाची मजल नव्हती. बायका पोलकी पोलादपूरच्या शिंप्याकडे टाकायच्या आणि तो सणाचं पोलकं सण उलटल्यावर द्यायचा. गणपतीला नवरा आला तेव्हा मी हातमशीनचा हट्ट धरला. सासूबाईंनी अट घातली. वाडीतल्या बायांचे दिवाळीचे कपडे मी दिवाळीआधी हातात दिले, तर मशीन राहील आणि मी शिवत बसेन. नाहीतर मशीन विकायचं आणि निमूट सगळ्यांबरोबर रानात यायचं. मी हो म्हटलं. माझा हात मला माहीत होता.

विसर्जनानंतर नवऱ्याबरोबर महाडला जाऊन त्या पाटीच्या दुकानातून मशीन घेतलं. शेठने चाक गरगर फिरवून दाखवलं, दोरा काही ओवला नाही. मीही सांगितलं नाही, नव्या वस्तूवर संशय घेणं बरं दिसत नाही म्हणून. नवरा तिथूनच मुंबईच्या गाडीत बसला आणि मी मशीन घेऊन वाडीवर आले. सासूबाईंनी ते गोधडीत गुंडाळून कणगीमागे ठेवलं.

“पितरपाट लागलाय गो,” त्या म्हणाल्या. “आता नवी वस्तू चालवायची नाय. दसऱ्याला पूजा कर, मंग बस.”

मला ते पटलं, हे कबूल करते. आमच्याकडे पितृपक्षात नवं काही वापरत नाहीत, आणि त्यानंतर घट बसले की दसरा येतोच. मशीन आलंय हे कळल्यावर बाया कापड आणून देत होत्या. मी मापं घेत होते, कापून ठेवत होते, आणि मशीनला बोट लावत नव्हते.

दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि शिवायला बसले. चार टाके पडले की दोन सुटायचे. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता व्हायचा आणि वीतभर शिवण झाली की दोरा तुटायचा. दोन दिवस मी स्वतःलाच दोष दिला. सुई बदलली, दोरा बदलला, वरच्या भोकांतून तेल सोडलं. तिसऱ्या दिवशी मशीन डोक्यावर घेऊन पोलादपूर गाठलं आणि एसटीने महाडला गेले.

शेठने झाकण काढलं आणि पहिलं काय पाहिलं, तर कुंकू. सुईकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“कुंकू लागलं, वहिनी,” तो म्हणाला. “म्हणजे माल वापरलेला झाला. वापरलेला माल आम्ही नवा म्हणून दुसऱ्याला कसा विकायचा?”

मी म्हटलं, पूजा केली आहे, शिवलेलं नाही, यावर शिवताच येत नाही म्हणून तर आणलंय. त्याने बोटाने पाटी दाखवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला लाटणी दाखवायला घेतली.

वडिलांच्या ओळखीचे एक वकील होते, मी तशीच त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, पाटी म्हणजे कायदा नव्हे. ज्या कामासाठी वस्तू घेतली ते काम तिने केलंच पाहिजे, हे इंग्रजांच्या वेळेपासून लिहिलेलं आहे. नीट पारखून बघायची संधी मिळेपर्यंत माल स्वीकारला असंही होत नाही. मला वाटलं, सुटले. मग त्यांनी पावती मागितली. पावतीवर ‘हातमशीन, नग एक’ एवढंच होतं, नवं की जुनं काही नाही. इतके दिवस काय केलंत, असं त्यांनी विचारलं. मी पितृपक्षाचं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, समोरचा वकील हेच धरून बसेल. दावा लावता येईल, पण निकाल लागेपर्यंत दोनतीन दिवाळ्या होतील. हक्क माझाच होता म्हणे, आणि तो मला दिवाळीआधी मिळणार नव्हता. इतकी संतापले होते की त्यांच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही.

भातकापणी सुरू झाली होती. सगळं घर खाचरात आणि मी पडवीत हाताने टाके घालत बसलेली. बोटं सोलून निघाली. एके दिवशी शेजारची जाऊ आली, माझं काम पाहिलं आणि आपलं कापलेलं कापड उचलून पोलादपूरच्या शिंप्याकडे घेऊन गेली. तिच्या पाठोपाठ आणखी तिघीजणी आल्या. कोणी वाईट बोललं नाही. बोलल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं.

त्या संध्याकाळी मशीन पुढ्यात ओढलं. लाकडी पाटावर ते बिजागरीने बसवलेलं होतं, मागे कलवलं की पोट उघडं पडायचं. खालून तेल घालून बघू म्हणून मी पहिल्यांदाच ते कलवलं. आतल्या लोखंडावर वाळून काळपट झालेलं कुंकवाचं बोट होतं आणि त्यात तांदळाचा एक दाणा घट्ट चिकटलेला होता. मी कुंकू फक्त वरून लावलं होतं. अक्षता मी वाहिल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा महाड. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती. मी मशीन गल्ल्यापुढे ठेवलं, कलवलं आणि आतलं कुंकू दाखवलं. म्हटलं, कुंकू लागलेला माल वापरलेला, हे तुम्हीच सांगितलंत. मग हे मला नवं म्हणून कसं विकलंत? शेठ म्हणाला, कुंकवावर कोणाचं नाव लिहिलेलं असतं का? या उत्तराची माझी तयारी होती.

“नावाचं राहू दे,” मी म्हटलं. “माझ्याआधी हे कोणीतरी घेतलं, पुजलं, आणि चालत नाही म्हणून परत आणलं. तिचं तुम्ही परत घेतलंत. मग ही पाटी कोणासाठी?”

त्याने मशीन सरळ करून झाकण घातलं. मग अगदी शांतपणे, समजूत घालावी तसा म्हणाला, “ते घर वेगळं, वहिनी.”

 दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने तर मान डोलावली.

दिवाळीआधी निम्मे कपडे झाले, निम्मे नाहीत. अटीप्रमाणे मशीन विकलं गेलं. सासूबाईंनी घेणाऱ्याला ते चालत नाही हे सांगूनच दिलं, एवढं त्यांच्याबद्दल म्हणायलाच हवं. पुढच्या हंगामात मी सगळ्यांबरोबर खाचरात होते. पुढे कितीतरी वर्षांनी गिऱ्हाइकांसाठी वेगळा कायदा झाला, वेगळं कोर्ट आलं, ते ऐकून माझ्या सुनेला आनंद झाला. मी तिला एवढंच विचारलं, की तिथे गेल्यावर घर कुठलं ते विचारतात का.