वापरून जुनी केलेली टोपी

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. संतपुरात थंडी पडली की राजूबाईच्या दारात बायांची रीघ लागायची, कारण लोकर विणणारी गावात ती एकटीच. नवरा गुंडेराव बिदरला कचेरीत चपराशी होता, तेव्हा तिथल्या एका मडमेकडून ती विणकाम शिकली. नवरा नोकरी सोडून शेतीवर परतला, तशी हीसुद्धा ती कला पदरात बांधून आली. मडमेची मऊ लोकर इथं कुठली मिळायला? बंडेप्पा धनगराकडची घोंगडीची टोचरी लोकर, छत्रीच्या काड्या घासून केलेल्या सुया आणि वेणी पाडायला बाभळीचा लांब काटा. तीन टाके काट्यावर घेऊन थांबवायचे, मागचे तीन आधी विणायचे, मग थांबलेले विणायचे. झाली पिळाची वेणी. असल्या वेण्यांच्या कानटोप्या घालून गावची पोरं गल्लीत हुंदडायची. बाया म्हणायच्या, काय नशीबवान हात हायत गं बाई!

नशीबवान म्हणे! तिच्या स्वतःच्या घरात टोपी घालायला डोकं नव्हतं. दोन लेकरं झाली, दोन्ही वर्षाच्या आत गेली. दोघांसाठीही तिनं पोटात असतानाच हौसेनं नवीकोरी टोपी विणली होती. सासूनं नेमकं तेच धरलं.

"नव्यावर नजर बसती. आता तिसऱ्याच्या अंगाला नवं लावशील तर बघ! ज्याच्या घरी लेकरं जगत्यात, त्याच्या घरचं जुनं मागून आण."

रीतच होती ती तिकडची. ज्यांची लेकरं टिकत नसत ते मागून आणलेल्या जुनेरात लेकरू गुंडाळत, नावसुद्धा टाकाऊ ठेवत. मरणाला हे लेकरू न्यावंसं वाटू नये, एवढाच हेतू.

राजूबाई पुन्हा गरोदर होती. तिला रीत मोडायची नव्हती, छाती कुठं होती तेवढी? पण गावभरच्या पोरांना आपल्या हातची ऊब, आणि आपल्याच लेकराला नाही, हे तिला सोसवेना. मग तिनं डोकं चालवलं. दिवाळीला एक टोपी विणली आणि शेजारच्या सत्यभामाबाईकडं गेली. सत्यभामाबाईची पाच लेकरं, पाचही धडधाकट. धाकटा हावगेप्पा नुकता रांगायला लागलेला.

"अक्का, ही हावग्याच्या डोस्क्यावर घाल. येळवशीपतोर वापर. मग मी मागायला येते, तवा जुनी म्हणून दे मला."

सत्यभामाबाई पोट धरून हसली. "येडी का खुळी गं तू! आण हिकडं. तुझं लेकरू जगलं तर माझं काय जायलंय त्यात?"

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. सारं गाव त्या दिवशी रानात जेवायला जातं. ती यायच्या आधीच गावात डांग्या खोकला शिरला. हावग्या खोकून खोकून निळा पडायचा. आईनं वारं लागू नये म्हणून टोपी डोक्यावरून काढली नाही. तो गेला तो टोपीसकटच. पुरतानाही ती कुणाला काढू दिली नाही तिनं.

राजूबाई जड पोटानं भेटायला गेली. सत्यभामाबाईनं मान वर केली आणि भरल्या घरात म्हणाली, "तुझ्या घरचं मरण माझ्या लेकराच्या डोस्क्यावर घातलीस, राजू."

राजूबाईनं असं मनात आणलं नव्हतं, हे खरं. पण त्या क्षणी मनात आलं ते फार वाईट होतं. मरण तिकडं गेलं, आता आपल्याकडं येणार नाही. असं वाटलं, आणि बरं वाटलं! घरी येऊन तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. सुया आढ्यात खोचल्या आणि पुन्हा लोकरीला शिवायचं नाही असं ठरवलं.

तिला मुलगा झाला. नाव ठेवलं तिप्पण्णा. कानडीत तिप्पे म्हणजे उकिरडा. मागून आणलेल्या चिंध्यांत वाढला आणि जगला. सत्यभामाबाईला मात्र हावग्यामागं आणखी एक मुलगा झाला, तोही बाराव्या दिवसाआधी गेला. पुढं पोरगी झाली, तेव्हा ती राजूबाईच्या दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पदर पसरला.

"तुझं जगलंय. त्याच्या अंगावरचं जुनं काही दे."

राजूबाईच्या मनात आलं, दिलं आणि तिप्पण्णाचं आयुष्यही त्याच्याबरोबर गेलं तर? "न्हाई अक्का," ती म्हणाली, "जुनं काही न्हाई बघ." आणि अंगणात तिप्पण्णा विटका, फाटका सदरा घालून उभा! सत्यभामाबाईनं त्याच्याकडं बघितलं, पदर आवरला आणि निघून गेली.

राजूबाईला घास गोड लागेना. शेवटी तिनं आढ्यातल्या सुया काढल्या, बंडेप्पाकडून लोकर आणली.

"कामून करायलीस हे?" गुंडेरावानं विचारलं. "सोडलं होतंस न्हवं?"

"जुनी करायचीय," ती म्हणाली.

तशीच वेणी, तशीच टोपी. ती तिनं तिप्पण्णाच्या डोक्यावर चढवली. टोचते म्हणून तो ओढून काढी, ती पुन्हा घाली. पोरगं शिंकलं तरी ती हातातलं टाकून धावायची. झोपेतही त्याच्या कपाळावरचा हात ती काढत नसे. दुसऱ्याच्या लेकराच्या डोक्यावर आपण काय हसत हसत ठेवलं होतं, ते तिला आता कळत होतं.

येळवशीला टोपी तेलकट, मळकट झाली होती. तिप्पण्णा ठणठणीत होता. राजूबाई टोपी घेऊन सत्यभामाबाईच्या रानात गेली. ती पोरीला मांडीवर घेऊन बसली होती.

"अक्का, जुनी हाय. तिप्पण्णाच्या डोस्क्यावरची हाय."

सत्यभामाबाईनं वेणी बघितली. ओळखली. तिनं टोपी नाकाशी धरली.

"तुझ्या पोराचा वास यायलाय," ती म्हणाली. "माझ्याचा कसा होता, ते इसरले बघ."

राजूबाई तिथंच ढेकळांत बसून हुंदके देऊ लागली. सत्यभामाबाई रडली नाही. तिनं टोपी पोरीच्या कानांवर ओढली आणि हनुवटीखाली गाठ मारली.