तीन नंबरची खोली

बाईंनी बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. छापखाना बंद पडला तेव्हा वय सेहेचाळीस. त्या वयात माणसं गुडघ्यांची रडगाणी गातात. बाई मुलीच्या जुन्या पुस्तकांवरून वेबसाइटचं प्रोग्रॅमिंग शिकल्या आणि एका छोट्या कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागल्या. स्क्रीनला लाकडी पट्टी लावून एकेक ओळ पुटपुटत वाचायच्या. बाकीचे हसायचे. हसेनात का! दात आहेत तोवर माणसानं हसून घ्यावं.

शुक्रवारी मिळायच्या कायम होण्याच्या पत्राला तीन दिवस उरले असताना डोळ्यांच्या एका दवाखान्यातून फोन आला. कंपनीने बनवून दिलेल्या वेबसाइटवरून पेशंटना निरोप जायचे: अमुक वाजता, अमुक खोलीत या. कालपासून सगळ्यांना एकच खोली जात होती, तीन नंबर. ती तिसऱ्या मजल्यावर, दाराला कुलूप, आणि लिफ्ट बंद. डोळ्यांत औषध घातलेली म्हातारी माणसं कठडा चाचपत जिने चढत होती.

टीमचे प्रमुख सत्तावीस वर्षांचे, पण म्हणायचं ‘सर’. त्यांनी बाईंपुढे कागद सरकवला.

“त्या फाइलला शेवटचा हात तुमचा लागलाय, बाई. ‘माझ्या हातून चूक झाली’ एवढंच लिहून सही करा. नवीन माणूस म्हणून दवाखानावाले सांभाळून घेतील. तुम्हाला कायम करायचं मी बघतो.”

“मी त्यात एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं होतं, सर.”

“हात लागला ना? मग झालं तर!”

घरी मुलगी म्हणाली, “करून टाक ना सही, आई. कोण बघतंय?”

“मी बघतेय ना!” बाईंनी पातेल्यावर झाकण आदळलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर संन्याशानं सुळाला सही करून द्यायची! संतापाने त्यांचे कान तापले होते.

सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी फाइल उघडली. निरोप तयार करणारं फंक्शन बिननावाचं होतं. त्या वेबसाइटच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत अशा फंक्शनला बाहेरचं काही आपोआप दिसत नाही. बाहेरचा व्हेरिएबल, म्हणजे बदलती किंमत ठेवायचा कप्पा, आत हवा असेल तर फंक्शन लिहितानाच तसं सांगावं लागतं, आणि आत जाते ती त्या क्षणाच्या किमतीची नक्कल. मागाहून बाहेर काय वाटेल ते बदला, आत त्याची दाद ना फिर्याद. परवा कोणीतरी घाईघाईने हे फंक्शन वर उचलून ठेवलं होतं. त्या जागी खोलीच्या व्हेरिएबलमध्ये तात्पुरता तीन हा आकडा होता. ज्याच्या-त्याच्या डॉक्टरची खोली भरली जात होती ती सहा ओळी खाली. वरातीमागून घोडं! कोणती ओळ कोणी, कधी हलवली याची नोंद तिथेच असते. नाव सरांचं होतं.

मालक आल्यावर बाईंनी भर ऑफिसात ते मोठ्या स्क्रीनवर लावलं. सर लालेलाल झाले.

“अहो, बाहेर बदललं की आत बदलतंच!”

“चालवून बघू या की.”

चालवलं. तीन. दुसरा डॉक्टर घेतला. तीन. तिसरा घेतला. तीन.

मालकांनी घसा साफ केला. “असं करा, दोघंही सही करा. वाद नको.”

“अर्धी चूकसुद्धा माझी नाही, साहेब.”

“मग तुमच्या नोकरीचं मला काही सांगता येणार नाही.”

“नका सांगू. आधी ही ओळ नीट करू द्या. अकराचे पेशंट घरून निघतील आता.”

परवानगीची वाट न बघता त्यांनी फंक्शन खाली आणलं, खोली भरल्यानंतरच्या जागी. निरोप बरोबर जाऊ लागले. मग त्यांनी तो कागद ओढला, काय बिघडलं आणि कोणी बिघडवलं ते तारखेसकट लिहिलं, आणि खाली स्वतःच एक रकाना आखला: ‘दुरुस्त करणारी’. त्यात झोकात सही ठोकली.

कायम झाल्याचं पत्र त्या शुक्रवारी आलं नाही. पुढच्याही नाही. बाई मात्र रोज नऊच्या ठोक्याला खुर्चीत हजर. काढायचं असेल तर कारण लिहून काढा, असं त्यांनी मालकांना तोंडावर सांगितलं होतं, आणि ते कारण लिहून खाली सही करायला कोणीच तयार नव्हतं.