माहेरच्या नावाचा रकाना

आमच्या राजुरीत एक्सपोर्ट म्हटलं की द्राक्षं. त्यामुळे नारायणगावचा कॉम्प्युटरवाला जेव्हा म्हणाला, "आधी जुन्या प्रोग्राममधून सगळी भावकी एक्सपोर्ट करा, मग नव्यात इम्पोर्ट करा," तेव्हा माझे सासरे एकदम गंभीर झाले. त्यांना आम्ही मामंजी म्हणतो. शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून घराण्याच्या वंशावळीमागे लागले. माल बाहेर पाठवायचा म्हणजे काही घड मागे राहणार, काही पेटीत चेंगरणार, ही त्यांची पहिल्यापासूनची शंका. पुढे जे झालं ते बघता त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.

जुना प्रोग्राम माझ्या चुलत दिराने पुण्यात बसून स्वतः तयार केला होता आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी फ्लॉपीत घालून आणून दिला होता. दिसायला अगदीच गबाळा, पण पूर्ण मराठी. आणि त्यात प्रत्येक बाईपुढे दोन रकाने होते, सासरचं नाव आणि माहेरचं नाव. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर नवरीचं नवं नाव लिहितात आणि त्या दिवसापासून जुनं नाव बंद होतं. दिराला हे ठाऊक होतं, म्हणून त्याने रकाना ठेवला.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, त्या कॉम्प्युटरला कधी हात लावत नसत. करंट बसेल म्हणून त्यावरची धूळसुद्धा लांबून फडक्याने झटकायच्या. पण त्या रकान्याचं कळलं तेव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर जुनं आंबेगाव, डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं.

"त्यात माझं आधीचं नाव घाल," त्या मला म्हणाल्या. "गाव धरणात गेलं, आई-बाप गेलं. त्या नावानं हाक मारणारं आता कोन न्हाई. तिथं तरी ऱ्हाऊ दे."

मी घातलं. मामंजी शेजारी पेपर वाचत होते, तेवढं "हं" म्हणाले. आत्याबाईंनी त्या कॉम्प्युटरकडे एवढं एकच मागणं मागितलं होतं.

मग काही वर्षांनी ओझरला भावकीचा मेळावा ठरला. गणपतीचं दर्शन, जेवण आणि हॉलमध्ये आपल्या वंशावळीचा भला मोठा फ्लेक्स, असं मामंजींनी सगळ्यांना सांगून टाकलं. जुन्या प्रोग्रामला एवढं मोठं झाड छापता येईना. कॉम्प्युटरवाल्याने एक नवा कॉम्प्युटर आणि सीडीवर एक परदेशी प्रोग्राम दिला आणि ती आयात-निर्यात माझ्या गळ्यात पडली, कारण घरात कॉम्प्युटरचा कोर्स मीच केला होता.

पहिल्या इम्पोर्टला आमचे मूळपुरुष टक्क्याचं एक चिन्ह, दोन स्वल्पविराम आणि एक उलटं प्रश्नचिन्ह असे अवतरले. मामंजींनी पडद्याजवळ तोंड नेलं. "पंचक्रोशी त्यांना टरकून असायची म्हणतात," ते म्हणाले, "पण नाव असं असेल असं वाटलं नव्हतं." फॉन्टचा घोळ होता. कॉम्प्युटरवाल्याने तो निस्तरून दिला आणि अक्षरं माणसांत आली.

दुसऱ्या इम्पोर्टला प्रोग्रामने इंग्रजीत एक प्रश्न विचारला.

"काय म्हणतंय?" मामंजी.

"दोन माणसं एकच वाटतायत. नाव एक, बापाचं नाव एक, आडनाव एक, गाव एक. जोडू का म्हणतंय."

"मग एकच की. चुकून दोनदा घेतलं असेल. हो म्हण."

मी हो म्हटलं. लगेच पुढची जोडी आली, मग आणखी एक. खाली सगळ्यांना एकदम हो म्हणायचं बटण होतं. ही सोय मामंजींना फार आवडली. मीही वाकून नावं वाचत बसले नाही, दाबलं.

आता आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. मामंजींचं नाव त्यांच्या आजोबांचं. मामंजींच्या वडलांचं नाव त्या आजोबांच्या वडलांचं. म्हणजे आजोबा आणि नातू, नाव-बाप-आडनावासकट अक्षर न् अक्षर सारखे. जन्मतारखा तर कुणाच्याच माहीत नव्हत्या. प्रोग्रामने दोघांना एक करून टाकलं. झाडाच्या फांद्या वळून परत बुंध्यात शिरल्या होत्या.

"म्हणजे मी माझाच नातू?" मामंजींनी विचारलं.

"आणि आजोबा पण."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पडद्यावर काही बदल झाला नव्हता. "हे ओझरला लावलं तर भावकी मला देवाच्या दारात हसेल," ते म्हणाले.

तेवढ्यात आत्याबाई चहा घेऊन आल्या. "अन् मी कुठंय यात?"

मी बोट ठेवलं. मामंजी वर सरकले तशा त्याही त्यांच्याबरोबर वर गेल्या होत्या. थेट मामंजींच्या आईच्या डोक्यावर. "आत्या," मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या सासूच्या सासू झालात."

आत्याबाईंच्या सासूचा दरारा मी ऐकूनच होते. भाकरी जरा जाड झाली तर ती थापणारीच्या ताटात परत यायची. त्यांच्यासमोर आत्याबाई कधी खाटेवर टेकल्या नव्हत्या. आता त्यांनी कप खाली ठेवले, वाकून नीट पाहिलं आणि खाटेवर ऐसपैस बसल्या.

"लई बरंय," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या असंच. काढू नगा."

मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, "पर माझं आधीचं नाव कुठंय?"

मी शोधलं. कुठेच नव्हतं. कुणाचंच नव्हतं. नव्या प्रोग्राममध्ये बाईच्या माहेरच्या आडनावाला जागा होती, नावाला नव्हती, म्हणून दुसरा रकाना त्याने इम्पोर्ट करताना टाकूनच दिला. लग्नात बाईचं आडनाव बदलतं इथवर त्या प्रोग्रामवाल्यांना ठाऊक होतं. तिचं नावच बदलतात हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"राहू दे आता," मामंजी म्हणाले. "फ्लेक्सवाला घाई करतोय. आधी मला आजोबांपासून सोडव."

आत्याबाई खाटेवरून उठल्या. कप उचलून आत गेल्या. चहा कुणी प्यायलाच नव्हता.

मला राग आला. माझंही नाव याच घरात तांदळावर बदललेलं. "मामंजी," मी म्हटलं, "तुम्ही आजोबांत अडकलात तरी तुमचं नाव तर शाबूत आहे. बायकांची नावं गेली तर मी काही छापणार नाही. फ्लेक्सवाल्याला तसं कळवा."

हेडमास्तरांशी असं कुणी बोलत नसे. ते उठून मळ्यात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं पुसून पुन्हा इम्पोर्ट केलं आणि प्रत्येक प्रश्नाला नाही, नाही म्हणत गेले. आजोबा आजोबांच्या जागी गेले, नातू नातवाच्या. आत्याबाई दारातून म्हणाल्या, "उतरवलं का मला?" मी हो म्हटलं. "एक दिस तरी बसले," म्हणत त्या भाकऱ्या करायला गेल्या.

मग मामंजी आले. नव्याशेजारचा जुना कॉम्प्युटर चालू केला, चष्मा लावला आणि म्हणाले, "मी वाचतो, तू टाइप कर. नावाच्याच रकान्यात, माहेरचं आधी, सासरचं मागून."

ते हजेरी घेतल्यासारखे खणखणीत आवाजात वाचू लागले. पणजीचं माहेरचं नाव, आजीचं, चुलत्यांच्या बायकांची. कितीतरी नावं त्या घरात पहिल्यांदाच मोठ्याने घेतली जात असतील. मी टाइप करत होते. मग ते थांबले. पुढची ओळ आत्याबाईंची होती. मी लग्न होऊन आल्यापासून मामंजींनी त्यांना "अगं, ऐकलंस का" याखेरीज हाक मारलेली ऐकली नव्हती, सासरच्या नावानेही नाही. त्यांनी घसा खाकरला आणि ते माहेरचं नाव वाचलं.

"ओ," आतून आवाज आला.

भाकरी थापायचा आवाज बंद झाला. आत्याबाई पिठाच्या हातांनी लगबगीने बाहेर आल्या. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, सरळ अंगणाकडच्या दारातून बाहेर डोकावल्या.

"माहेरचं कोन आलंय?"

"कोणी नाही," मामंजी पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "मीच."