शेवंतीच्या वहीचा कणा

डिचोलीच्या बाजारात आमच्या वाचनालयासमोर शिवदासमामांचं बाइंडिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक दार, एक चटई. राजभाषेवरून अख्खा गोवा भांडत होता तेव्हा कोकणीवाले आणि मराठीवाले, दोघांचीही पुस्तकं तिथेच यायची. मामा म्हणायचे, "झगडात रे, पूण पानां फाडूं नाकात. कणो दोगांकय लागता."

चाळीस वर्षं वाकून शिवल्यावर त्यांचा स्वतःचाच कणा गेला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "मणके झिजलेत. आता खाली बसायचं नाही."

"पुस्तकाचो कणो गेलो तर हांव नवो घालतां. तुमी माणसाक घालतात?"

डॉक्टर हसले. मामा हसले नाहीत. घरची एक वही शिवायची राहिली होती.

ती त्यांच्या बायकोची. पौषातल्या धालोंना रात्री अंगणात नाचत बायका गातात ती गाणी शेवंतीमामींनी शाळेच्या वहीत उतरवली होती, काही स्वतः रचलेलीही. टाके सुटून पानं निघाली होती. "आयकलें? म्हजी वही केन्ना शिवप?" मामी दरवर्षी विचारायच्या. "गिराइकांचें जालें काय शिवतां," मामा दरवर्षी सांगायचे. गेल्या श्रावणात मामी गेल्या. गिऱ्हाइकांचं तेव्हाही झालं नव्हतं.

पौष आला तशी बायकांनी वही मागितली. मामा डॉक्टरांना न विचारता चटईवर बसले. दोन दिवस शिवलं, कण्याला कापड चिकटवलं, तांबडा पुठ्ठा चढवला. मग हाताच्या सवयीने कडा सारख्या कापल्या आणि कात्रणं, रोजच्यासारखी, खळ शिजवायच्या चुलीत सारली.

दुपारी शेजारच्या रुक्मिणीकाकूंनी माझ्यासमोर दुकानाच्या पायरीवर वही उघडली, एक पान उलटलं आणि परत मागे आणलं. मामी मोठ्या काटकसरी. पार कडेपर्यंत लिहायच्या. उजव्या पानांवर प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द गेला होता, डाव्या पानांवर पहिला.

"आमकां येतात तीं आमी म्हणटल्यो," काकू म्हणाल्या. "पूण हें तिणें स्वता रचलां. 'सगळ्यांच्यो पोथयो शिवता गे, म्हजी वही...' फुडें?"

मी वाकून बघितलं; ओळ तिथेच कापली गेली होती.

"सुटी," मामा म्हणाले. "आनीक कितें आसतलें?"

त्यांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली आणि पाठ धरून वाकले. पण शब्द लिहायला कडेला जागा उरली नव्हती.