रंजनाचा पाय फळीवरच होता

रंजना गेल्याचा तिच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत राजापेठेत होते. स्कूटर कडेला लावली आणि तशीच उभी राहिले. आठच दिवसांपूर्वी अकोल्याच्या दवाखान्यात तिला भेटले होते. एका हाताला सलाइन आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर चीनची एक तिहेरी उडी मारणारी पोरगी. त्या पोरीची सगळी कारकीर्द रंजनाला तोंडपाठ... पहिली स्पर्धा, गुडघ्याचं ऑपरेशन, नंतरचं पदक. लोक तिची झेप पाहतात. रंजना मात्र उडी घ्यायच्या फळीवरचा पाय आला की व्हिडिओ थांबवायची. "फळीवर हाय ना पाय? मंग झालं," म्हणाली. मी मान खाली घातली. का, ते आज लिहिते.

आम्ही दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. ती पातूरच्या बौद्ध कुटुंबातली, वडील मजुरी करायचे. मी अमरावतीची, शेतीवाडी असलेल्या घरातली. दोघीही तिहेरी उडी मारायचो. आधी लंगडी, मग ढांग, मग उडी... शेवटच्या टप्प्याला माझा दम संपायचा, आणि तिची खरी उडी तिथून सुरू व्हायची. फळीच्या पुढे मऊ मातीची पट्टी असते. पाय पुढे गेला की तिच्यावर ठसा उमटतो आणि उडी बाद होते. संघाच्या निवड चाचणीत आमच्या खेळाच्या सरांनी रंजनाच्या तिन्ही उड्यांना बादचा लाल झेंडा दाखवला. तिसऱ्या वेळी मी फळीपासून दोन हातांवर होते. माती कोरी होती. संघात एक सरांची भाची गेली आणि एक मी.

"तुले तं दिसलं ना वं?" रंजनानं विचारलं.

"मायं ध्यानच नव्हतं," मी म्हणाले.

त्या संघाच्या प्रमाणपत्रावर मला खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरी लागली. रंजना अंजनगाव सुर्जीच्या कापड दुकानात वर्षानुवर्षं दिवसभर उभी राहिली आणि रोज सकाळी पोरींना फुकट उडी शिकवत राहिली. मला कधी टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला सर पहिल्या रांगेत! माईक हातात घेऊन म्हणाले, "रंजना माया हाताखालची पोरगी. मीच घडवलं तिले." माझ्या डोक्यात तिडीक गेली. उठले आणि माईक ओढूनच घेतला.

"सर, त्या दिवशी मातीवर ठसा होता का?"

"आता काहून उकरून राहिली ते?"

"होता का नव्हता, तेवढंच सांगा."

मग मीच सगळं सांगितलं, माझ्या गप्प बसण्यासकट, आणि हे पेपरात लिहिणार असंही. मागे रंजनानं शिकवलेल्या पोरी उभ्या होत्या, त्या एकटक सरांकडे पाहत राहिल्या. सर बाहेर गेले आणि बराच वेळ चप्पल शोधत राहिले. कुणी दाखवली नाही. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "पेपरमधी लिहून राहिली म्हणतात तू. लिही. पण मायं नाव नको टाकू बाई, नातवंडं वाचतात." मी फोन ठेवला. म्हातारा माणूस, जाऊ दे, असंही क्षणभर मनात आलं.

मग आज सकाळी रंजनाच्या मुलीबरोबर तिच्या मैदानावर गेले. एका पोरीनं उडी मारली, तर वाळूकडे कुणीच पळालं नाही. आधी दोघी जणी फळीशी वाकल्या, मातीकडे पाहिलं आणि एकामागून एक मोठ्यानं म्हणाल्या, "बरोबर." मगच टेप लावला. मी विचारलं, दोघी कशाला?

"बाईंचा नेम हाय," पोरगी म्हणाली. "एकीच्या पाहण्यावर भरवसा नाई ठेवायचा, म्हणत."

घरी येऊन हे लिहायला बसले. नातवंडांनी जरूर वाचावं. रंजनाची उडी बरोबर होती. लाल झेंडा दाखवला प्रभाकर गावंडे यांनी. आणि कोरी माती पाहून गप्प बसली ती मी, शुभांगी देशमुख.